आल्टो म्हणजे उंच, मग मला खालची ओळ का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी कर्वेनगरला राहते. शाळेत असताना सदाशिव पेठेत आठ वर्षं गाणं शिकले, काळी चारमध्ये (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हाच सा धरून) गायचे, मग नोकरी-संसारात सगळं सुटलं. आता मैत्रिणीच्या नादाने कॅम्पातल्या एका क्वायरमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या समूहगानात, जायला लागलेय. ऑडिशनला सरांनी पियानोवर थोडे स्वर वाजवले, माझ्याकडून म्हणून घेतले आणि पाच मिनिटांत सांगून टाकलं, तू आल्टो. घरी येऊन अर्थ शोधला तर आल्टो म्हणजे उंच! पण मला तर सोप्रानोच्या, म्हणजे बायकांमधल्या सगळ्यात वरच्या आवाजाच्या, खालची ओळ दिलीये, चाल सगळी त्यांच्याकडे. शाळेच्या गॅदरिंगला पण आवाज जाड म्हणून मला मागे उभं करायचे, तेच परत झालं असं वाटलं. आल्टो म्हणजे नक्की काय? आणि रियाज केला तर सोप्रानोत जाता येईल का?

उत्तर: अगं, तुझं पत्र वाचलं आणि लगेच हार्मोनियम काढून बसले, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुझ्या काळी चारमध्येच आहे.

आधी नावाचं बघू. आल्टो म्हणजे उंच हे बरोबरच आहे, फक्त कोणापेक्षा उंच ते विचारायला हवं. युरोपात १५व्या शतकात चर्चच्या संगीतात मूळ चाल धरून ठेवणारा आवाज म्हणजे टेनर, त्या शब्दाचा अर्थच धरून ठेवणारा. त्याच्या जोडीला जो आवाज असायचा तो काँट्राटेनर, आणि पुढे त्याचे दोन भाग झाले, टेनरच्या खाली राहणारा बासुस आणि टेनरच्या वर जाणारा आल्टुस. त्या आल्टुसचा झाला आल्टो आणि बासुसचा झाला बेस. म्हणजे हा आवाज टेनरपेक्षा उंच, आणि तेव्हा तो गायचे पुरुष आणि मुलं, कारण चर्चच्या क्वायरमध्ये बायकांना बहुतेक ठिकाणी जागाच नव्हती. इंग्लंडच्या कथीड्रलमध्ये आजही पुरुष खोट्या आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत, आल्टो गातात. नंतर ही ओळ बायकांकडे आली, वर सोप्रानो होताच, त्यामुळे आल्टो हा बायकांमधला खालचा आवाज ठरला आणि नाव मात्र जुनंच राहिलं.

आता तुझा गळा. क्वायरमधल्या आल्टोचा पल्ला साधारण हार्मोनियमच्या डावीकडच्या सप्तकातल्या पांढरी चारपासून उजवीकडच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत धरतात. तू काळी चारचा सा धर आणि मोज, खाली मंद्र धैवत आणि वर तार मध्यमाच्या जरासं पुढे. ओळखीचं वाटतंय ना? तू आठ वर्षं जे गात होतीस ते सगळं यातच बसतं, आपल्याकडे ख्याल गाणाऱ्या कितीतरी बायका आयुष्यभर याच पट्ट्यात गातात आणि आपण त्याला जाड-बिड काही म्हणत नाही, नुसतं गाणं म्हणतो. सोप्रानोला मात्र त्याच उजवीकडच्या सप्तकातल्या पांढरी सहापर्यंत सहज जावं लागतं, म्हणजे तुझ्या काळी चारच्या हिशोबाने अतितार षड्जाच्याही वर. तिथे जायला तुला कोणी कधी शिकवलंच नाही आणि त्याची गरजही नव्हती. त्यामुळे सरांनी तुला आल्टो म्हटलं यात तुझा आवाज कमी आहे असं काहीही नाही.

शाळेतलं वाचून मला खरंच वाईट वाटलं. सिनेमाच्या गाण्यांमुळे आपल्या कानाला बायकांचा आवाज म्हणजे बारीक आणि उंच अशी सवय लागलीये, त्यात न बसणाऱ्या मुलींना शाळेपासूनच मागे ढकलतात आणि त्या गायचंच सोडतात. गंगूबाई हनगल आठव. गळ्याच्या आजारानंतर त्यांचा आवाज इतका खाली आणि भरदार झाला की नुसता ऐकला तर अनेकांना पुरुषाचा वाटायचा, आणि त्याच आवाजात त्यांनी किराणा घराण्याचं गाणं गायलं, आपल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात लोकांनी ते जीव ओतून ऐकलं.

एक शब्द अजून कानावर पडेल, काँट्राल्टो. आल्टो ही क्वायरमधली ओळ, आणि काँट्राल्टो म्हणजे एकट्याने गाणाऱ्या बाईचा खरोखर खोल आवाज, तो दुर्मिळ असतो. आल्टो गाणाऱ्या बऱ्याचशा बायका खरं तर मेझो सोप्रानो असतात, म्हणजे मधल्या आवाजाच्या. अमेरिकेतल्या मारियन अँडरसन काँट्राल्टो होत्या. त्या कृष्णवर्णीय म्हणून वॉशिंग्टनमधला एक मोठा हॉल त्यांना नाकारला, तेव्हा १९३९ मध्ये त्या लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायल्या आणि समोर सुमारे ७५ हजार माणसं होती.

चाल सगळी सोप्रानोकडे हे क्वायरमध्ये पुष्कळदा खरं असतं, पण मग आल्टोचं काम काय ते कानानेच ऐक. घरातल्या कोणालातरी हार्मोनियमचा भाता मारायला बसव म्हणजे तुझे दोन्ही हात मोकळे राहतील. पांढरी एकला सा धर. डाव्या हाताने डावीकडच्या सप्तकातले सा आणि प दाब, हे बेस आणि टेनर. उजव्या हाताच्या करंगळीने तार सा, तो सोप्रानो. हे तीन स्वर नुसतेच ऐक, पोकळ वाटतील. आता अंगठ्याने मधला शुद्ध गंधार दाब, पांढरी तीन, एकदम घर उजळल्यासारखं होतं. बाकी काही न हलवता तोच अंगठा काळी दोनवर ने, कोमल गंधार, आणि सगळं उदास होतं. तो अंगठा म्हणजे आल्टो. दर वेळी गंधार आल्टोकडेच असतो असं नाही, पण मधल्या ओळीने काय होतं ते यात कळतं.

आणि एकट्याने गायलाही मिळतं बरं का, जर्मन संगीतकार बाखच्या १७२७ च्या सेंट मॅथ्यू पॅशनमध्ये, म्हणजे येशूच्या शेवटच्या दिवसांवरच्या रचनेत, त्याचा शिष्य पीटर येशूला ओळखत नाही म्हणतो आणि मग रडतो, त्यानंतरचं क्षमा मागणारं गाणं बाखने आल्टोलाच दिलंय, सोबत एकटं व्हायोलिन. ते जरूर ऐक.

सुरुवातीला त्रास होणार तो कानाचा, गळ्याचा नाही. मी आल्टोत उभी राहिले तेव्हा पहिले दोन महिने प्रत्येक ओळीच्या शेवटी नकळत सोप्रानोच्या चालीवर जायचे, शेजारच्या काकू काही न बोलता माझ्या मनगटावर बोट टेकवायच्या आणि मी परत खाली यायचे. कारण आल्टोची ओळ कधी कधी चार-चार मात्रा एकाच स्वरावर असते आणि वरची चाल तुला ओढत राहते. तुझ्याकडे सरगम आहे ना, तीच वापर, गाण्याचा सा कुठला ते सरांना विचार, आपली ओळ सा रे ग म मध्ये वहीत लिही आणि शब्दांशिवाय पाठ कर, मग मोबाईलवर सोप्रानोची ओळ लावून त्यावर आपली म्हण.

सोप्रानोत जाता येईल का? आवाजाचं शिक्षण घेतलं तर वरचे स्वर थोडेफार वाढतात, पण सर नुसता वरचा स्वर बघत नाहीत, तासभर कुठे न दमता गाता येतं ते बघतात. घरी तार पंचमाच्या वर हळूहळू जाऊन बघ, मान ताठ होत असेल, हनुवटी वर जात असेल तर तिथेच थांब, ओढून नेऊ नकोस. आणि तिथे खरंच मोकळं वाटलं तर सहा महिन्यांनी सरांना म्हण, परत एकदा ऐका, अशी परत ऑडिशन मागण्यात संकोच करण्यासारखं काही नाही.