त्या ‘असो’पाशी थांबा

प्रश्न: मी 48 वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. गेल्या वर्षी मुलगी शिकायला परगावी गेली. नोकरी 19 वर्षं तीच. झोप-जेवण ठीक आहे, पण दिवस कोरडे जातात. ‘बदल स्वीकार’, असं सगळे सांगतात. रोज सकाळी सुविचार वाचते. रोजनिशी तीनदा सुरू केली, दर वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी सुटली. परवा आईच्या शिलाई मशीनचा पट्टा निसटलेला दिसला, तो बसवला, तासभर कसा गेला कळलं नाही. असो. इतरांना रोजच्या जगण्यात प्रेरणा सापडते, मला का नाही? आता आशा तरी कशाची धरू?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी त्या ‘असो’पाशी थांबले. सगळ्या पत्रात हात कामात गुंतल्याचा, वेळेचं भान हरपल्याचा तेवढाच एक प्रसंग आहे, आणि तुम्ही तो एका शब्दात मिटवून टाकलात.

आधी त्या ‘बदला’बद्दल. आई जाणं आणि लेक दूर जाणं, याला लोक बदल म्हणतात. मी म्हणणार नाही. ऑफिसातली जागा बदलते, घराचा रंग बदलतो. तुमच्या बाबतीत दोन माणसं रोजच्या दिवसातून उठून गेली आहेत. त्याचं दुःख होऊ न देता ‘स्वीकार’ कसा करायचा? माझे यजमान गेले तेव्हा वर्षभर मी सगळ्यांना ‘सावरलेय’ असंच सांगत होते. एका दुपारी त्यांच्या चष्म्याचा डबा उघडला आणि पोटभर रडले. घरात मोकळेपणानं वावरू लागले ती त्यानंतर. तेव्हा तुम्ही कमी पडता आहात, हे मनातून काढून टाका.

आता, प्रेरणा दिसत का नाही? 1804 साली ट्रॉक्सलर नावाच्या स्विस वैद्यानं एक गंमत नोंदवून ठेवली. नजर एकाच ठिपक्यावर रोखून धरली, की कडेच्या फिकट आकृत्या हळूहळू पुसट होतात आणि नाहीशा होतात. आकृत्या जागच्या जागी असतात, डोळ्यांना मात्र त्या दिसेनाशा होतात. एरवी असं होत नाही, कारण आपले डोळे सतत अगदी बारीक हलत असतात. ती हालचाल आपल्याला जाणवतही नाही, पण स्थिर गोष्ट दिसत राहते ती तिच्यामुळे. मनाचंही असंच होत असावं, असं मला वाटतं. 19 वर्षं त्याच वाटेनं जाताना वाट दिसेनाशी होते. त्यासाठी नोकरी सोडायला नको की आयुष्य उलथंपालथं करायला नको. नजर जराशी हलली तरी पुरे. मशीनचा पट्टा बसवताना तेच झालं.

म्हणून सुविचार वाचणं काही दिवस बंद करा. ते वाचून तुमच्या पदरात फक्त अपराधीपणा पडतोय. संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुतले, की दहा मिनिटं मशीनपाशी बसा. पहिल्या दिवशी धूळ पुसा, तेल घाला. मग बॉबिन भरा, जुन्या कापडावर सरळ टीप मारून बघा. काही शिवून झालंच पाहिजे असं नाही. आणि इच्छा होण्याची वाट बघू नका. खिन्नतेवर उपचार करणारे समुपदेशकही आधी छोटंसं काम करायला सांगतात. उमेद पुष्कळदा कामामागून येते.

चौथ्या दिवशी खंड पडला तर? पडू द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा 12 आठवडे मागोवा घेतला होता. 2009 साली तो प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात, पण कुणाला 18 पुरतात तर कुणाला 254 लागू शकतात, असा त्यांचा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्यानं विशेष बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. रोजनिशी सुटली ती तुमच्यात चिकाटी नाही म्हणून नव्हे. एक दिवस चुकला, की सगळं संपलं, असं तुम्ही ठरवलंत म्हणून.

मशीनपाशी बसल्यावर आईची आठवण येईल. कदाचित फार येईल. येऊ द्या, उठून जाऊ नका.

एक मात्र जपा. सलग दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर कशातच गोडी वाटेनाशी झाली, झोप-भूक बिघडली किंवा जगणंच नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी जवळच्या कुणाला तरी सांगा.

आशा कशाची धरू, असं विचारलंत. सध्या उद्या संध्याकाळच्या दहा मिनिटांची धरा. आज अर्धवट राहिलेली टीप उद्या पुरी करायची आहे, एवढी आशा दिवस ढकलायला खरोखर पुरते. मला ती काही महिने पुरली होती.

लेकीचा फोन येईल तेव्हा पट्टा कसा बसवलात ते तिला सांगा. आणि मलाही कळवा, या वेळी सविस्तर.

तुमची,
मावशी