गुडघा बदलला, पण वाकत नाही

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ६६ वर्षे असून नऊ आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. जखम चांगली भरली आहे, ताप नाही, वॉकर सोडून त्या आता काठी घेऊन घरात चालतात. परंतु गुडघा ७० अंशांपुढे वाकत नाही, असे फिजिओथेरपिस्ट सांगतात. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झालेल्या शेजारच्या काकू मात्र जिना उतरून खाली येतात. सासूबाईंना बरीच वर्षे मधुमेह आहे. शस्त्रक्रियेआधीही त्यांना पाटावर बसता येत नव्हते. दुखते म्हणून व्यायाम टळतो आणि रात्री गुडघ्याखाली उशी घेतल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. आत ‘मांस वाढले आहे’ असे नातेवाईक म्हणतात, आणि गावाकडचे एक मालिश करणारे गृहस्थ दोन बैठकींत पाय मोकळा करून देतो म्हणतात. पुढची तपासणी तीन महिने पूर्ण झाल्यावर आहे. तोवर थांबावे का?
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : थांबू नये. तीन महिन्यांच्या तपासणीची वाट न पाहता याच आठवड्यात शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दूरध्वनी करून लवकरची वेळ मागून घ्यावी. घाई का करायची, ते पुढे लिहितो.

नातेवाईक ज्याला ‘मांस वाढले’ म्हणतात, ती व्रणऊती होय. कोणतीही जखम व्रण धरूनच भरते, आणि त्वचेवर दिसणारी उभी रेघ ही त्या व्रणाची केवळ बाहेरची बाजू असते. गुडघ्याच्या वाटीच्या वर, मांडीच्या हाडालगत, सांध्याच्या आवरणाची एक सैल घडी असते, ती गुडघा वाकताना उलगडते आणि सरळ करताना पुन्हा मिटते. शस्त्रक्रियेनंतर या घडीत रक्त व सूज साचते, तेथे कोलॅजन या प्रथिनाचे तंतू तयार होतात, आणि हालचाल पुरेशी झाली नाही किंवा शरीराची भरून काढण्याची प्रवृत्तीच अतिरेकी असली, तर घडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. लुगड्याच्या निऱ्यांना मधेच कोणी टाका घातला तर पाऊल जसे अडखळते, तसाच हा प्रकार आहे. यात सासूबाईंचा आळस असतोच असे नाही. मन लावून व्यायाम करणाऱ्यांचेही गुडघे आखडतात. मधुमेहात हा धोका काहीसा वाढतो, म्हणून रक्तातील साखर या काळात नेहमीपेक्षा अधिक काटेकोरपणे सांभाळावी.

शेजारच्या काकूंशी तुलना कृपया बंद करावी. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, याचा सर्वांत भरवशाचा अंदाज शस्त्रक्रियेआधी तो किती वाकत होता यावरून येतो. पाटावर बसणे आधीच सुटले होते, असे आपण लिहिले आहे. म्हणजे मांडीचे स्नायू आणि सांध्याचे आवरण पूर्वीपासूनच आखूड झालेले असणार. नवा सांधा बसवल्याने झिजलेली हाडे बदलतात, परंतु भोवतालचे स्नायू जुनेच राहतात.

तरीही ७० अंश (पाय पूर्ण सरळ असताना शून्य धरून) हे कमीच आहेत, यात शंका नाही. सपाट जमिनीवर चालायला साधारण ६५ ते ७० अंश पुरतात, म्हणूनच घरातल्या घरात त्यांचे फारसे अडत नाही. पण जिना चढण्या-उतरण्यासाठी ८५ ते १०० अंश लागतात आणि नेहमीच्या उंचीच्या खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठायला ९५ अंश किंवा थोडे अधिक. सहा आठवड्यांनंतरही गुडघा ९० अंशांपर्यंत पोहोचला नसेल, तर पुढे काय करावे याचा विचार बहुतेक शल्यचिकित्सक सुरू करतात.

आता त्या उशीविषयी. आपण ती गोष्ट जाता जाता लिहिली आहे, पण संपूर्ण पत्रात मला तीच अधिक खटकली. गुडघ्याखाली उशी घेतली की आवरणावरचा ताण कमी होऊन बरे वाटते, आणि रात्रीचे सात-आठ तास तो अर्धवट वाकलेल्या स्थितीत राहून त्याच स्थितीत आखडू लागतो. गुडघा वाकत नाही याची तक्रार सगळे करतात. तो पूर्ण सरळ होत नाही, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. वास्तविक दहा-पंधरा अंशांचा बाक राहिला तरी प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणून धरावे लागतात, पाय आखूड वाटतो, चालताना दमायला होते आणि कंबरही धरते. न वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षा सरळ न होणारा गुडघा रोजच्या चालण्यात अधिक त्रास देतो, असे माझे मत आहे. म्हणून उशी आजच काढावी आणि त्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, गुडघ्याची मागची बाजू अधांतरी राहील अशा रीतीने, दहा-दहा मिनिटे पाय सैल सोडावा. त्याच स्थितीत मांडी आवळून गुडघा खाली दाबावा, पाच आकडे मोजावेत आणि सोडावा.

वाकवण्यासाठी सर्वांत सोपा व्यायाम खुर्चीवरचा. पायात मोजा घालून गुळगुळीत लादीवर टाच मागे सरकवत न्यावी, जेथे अडेल तेथे दुसऱ्या पायाने हलकासा दाब देऊन वीस-तीस सेकंद थांबावे, नंतर पाऊल तेथेच रोवून कंबर किंचित पुढे सरकवावी. एवढ्यानेही दोन-चार अंशांचा फरक पडतो. दिवसातून एकदाच तासभर झगडण्यापेक्षा दहा-दहा मिनिटे पाच वेळा केलेले बरे. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, आणि नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे ठेवावा. व्यायाम करताना ताण जाणवणारच. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा अधिक सुजलेला, गरम आणि दुखरा असेल, तर आदल्या दिवशी अतिरेक झाला असे समजावे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत वाकवून घेणे म्हणजेच खरी फिजिओथेरपी, हा समज काही घरांत आणि, खेदाने लिहितो, काही केंद्रांतही आढळतो. अशा जोरजबरदस्तीने सूज वाढते आणि सुजेतून आणखी व्रणऊती तयार होते.

याच कारणासाठी मालिश करणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे नकार द्यावा. त्यांच्या हातातील कसबाविषयी मला अनादर नाही, परंतु कृत्रिम सांध्याच्या लगतचे हाड या वयात ठिसूळ असू शकते, आणि झटक्याने वाकवताना ते मोडणे किंवा वाटीखालचा कंडरा (वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारा दोर) तुटणे हे दोन्ही अपघात घडू शकतात.

डॉक्टर काय करतील? प्रथम ते आखडण्याचे दुसरे काही कारण नाही ना, हे पाहतील. एक्स-रेवरून सांध्याचे भाग योग्य आकाराचे व योग्य जागी बसले आहेत का ते कळते, आणि ईएसआर, सीआरपी या रक्तचाचण्यांवरून, तसेच गरज भासल्यास सांध्यातील पाणी काढून तपासल्यावर, दबलेला जंतुसंसर्ग ओळखता येतो. बाहेरून भरलेली जखम आणि नसलेला ताप यांवरून आत संसर्ग नाहीच, असे म्हणता येत नाही. हे सारे व्यवस्थित असेल, तर ते भूल देऊन गुडघा वाकवून घेण्याचा सल्ला देण्याची शक्यता आहे. यात कोठेही कापावे लागत नाही. स्नायू पूर्ण सैल असताना शल्यचिकित्सक दोन्ही हातांनी, गुडघ्याच्या जवळच पकड ठेवून, सावकाश दाब देतात आणि आतील चिकटलेले धागे सुटताना हाताला जाणवतात, क्वचित ऐकूही येतात. मालिशवाल्याच्या झटक्यात आणि यात फरक आहे तो भुलीचा, मोजून दिलेल्या दाबाचा आणि हाताशी असलेल्या एक्स-रेचा. हाड मोडण्याचा धोका येथेही असतो, पण तो अल्प असतो. व्यायाम मात्र त्याच दिवसापासून सुरू करावा लागतो, नाहीतर मिळवलेले अंश पुन्हा हातचे जातात.

आणि घाई आहे ती यासाठीच. हा उपाय साधारणपणे पहिल्या बारा आठवड्यांत केला तर चांगला लागू पडतो, कारण तोवर तंतू कोवळे असतात. पुढे ते जून व चिवट होतात, मग दुर्बिणीतून ते कापून मोकळे करावे लागतात, आणि सांध्याच्या भागांचाच दोष असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया. आपल्या हाती अजून तीन आठवडे आहेत.

भेटीला जाताना मुलांच्या कंपासपेटीतील कोनमापकाने घेतलेली मापे, किंवा पाय पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकवलेला असताना बाजूने काढलेली दोन छायाचित्रे, रोजच्या तारखेसह न्यावीत. माप सकाळी व संध्याकाळी पाच-दहा अंशांनी बदलत असेल तर त्यात सुजेचा वाटा मोठा आहे. पंधरा दिवस जेथल्या तेथे थबकले असेल तर चिकटल्याचा संशय अधिक. मध्यंतरी पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, धाप लागली, किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : शस्त्रक्रियेला तीन महिने झाले. टाक्यांची रेघ ताठर लागते आणि तिच्या बाहेरच्या बाजूला हात लावलेला कळत नाही. काही नस तुटली आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होय, पण काळजीचे कारण नाही. गुडघ्यासमोरच्या त्वचेला संवेदना देणारी एक बारीक नस या छेदात बहुधा कापली जातेच. तो बधिर पट्टा हळूहळू लहान होतो, थोडा भाग कायमही राहतो. त्याने पायाची ताकद कमी होत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की त्या जागी शेक घेताना चटका बसल्याचे कळणार नाही. खपली पूर्ण निघून गेलेली असल्यास बोटाला थोडे खोबरेल तेल लावून रेघेवर आडवे, उभे व गोलाकार असे पाच मिनिटे चोळावे, आणि खालची त्वचा सरकेल एवढाच दाब द्यावा. वाटीही दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवावी.

प्रश्न : माझा गुडघा ११५ अंश वाकतो, दुखत नाही. तरी सत्यनारायणाला मांडी घालून बसता येत नाही. आणखी व्यायाम केला तर जमेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ११५ अंश ही उत्तम प्रगती आहे, याला आखडणे म्हणत नाहीत. मांडी घालताना गुडघा खूप वाकतो आणि शिवाय पिळला जातो, तेव्हा त्यासाठी जबरदस्ती करू नये. गुरुजींना आधी सांगून चौरंग उंचावर मांडून घ्यावा आणि आपण खुर्चीवर बसावे.