तिकडे हरणारा इकडे राजा कसा झाला?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. माझा पुतण्या एकोणीस वर्षांचा असून पोळ्याच्या सुमारास भरणाऱ्या आमदंगलींत कुस्ती खेळतो आणि गेल्या वर्षापासून अमरावतीला जाऊन बॉक्सिंगही शिकतो. हल्ली तो मोबाइलवर माइक पेरी नावाच्या अमेरिकी लढवय्याच्या हातमोज्यांविना झालेल्या लढती पाहतो आणि ओसरीत रचलेल्या तुरीच्या कट्ट्यांवर उघड्या मुठीने ठोसे मारत बसतो. हटकले तर म्हणतो, ‘मोठेबाबा, थो तिकडे हारत होता, इकडे येऊन राजा झाला.’ हे खरे आहे काय? खरे असेल, तर एका खेळात निम्म्याहून अधिक लढती हरलेला माणूस त्याहून कठीण खेळात जिंकतो कसा? आणि हातात मोजे नसल्याने हा खेळ अधिक धोक्याचा नाही काय?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : आपल्या पुतण्याचे म्हणणे खरे आहे. माइक पेरी २० ऑगस्ट २०१६ रोजी मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे एमएमएच्या, यूएफसी या सर्वांत मोठ्या संस्थेच्या पिंजऱ्यात उतरला आणि पदार्पणाच्या लढतीत पहिल्याच फेरीत त्याने प्रतिस्पर्ध्याला गारद केले. एप्रिल २०२१ पर्यंत तो तेथे पंधरा लढती लढला. त्यांपैकी सात जिंकला आणि आठ हरला. पुढे त्याचा करार वाढवला गेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो बेअर नकल फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजे बीकेएफसी, या संस्थेत आला आणि एप्रिल २०२४ पर्यंत तेथील पाचही लढती जिंकून त्याने ‘किंग ऑफ व्हायोलन्स’ नावाचा पट्टा मिळवला. पुतण्याच्या तोंडचा ‘राजा’ बहुधा तेथूनच आला असावा. आपल्याकडे पहिलवानाला ‘केसरी’ म्हणण्याची रीत आहे. ‘हिंसेचा राजा’ ही पदवी कोणी हौसेने मिरवावी, याचे मला अजूनही नवल वाटते.

मात्र आपल्या प्रश्नातला ‘त्याहून कठीण’ हा शब्द मला मान्य नाही. उघड्या मुठीचे बॉक्सिंग हा एमएमएची पुढची इयत्ता नसून तो निराळाच खेळ आहे, आणि पेरीच्या दोन कारकिर्दींतले अंतर या निराळेपणातच दडलेले आहे. एमएमएच्या पिंजऱ्यात माणसाला एकाच वेळी तीन प्रकारच्या गड्यांना तोंड द्यावे लागते : लांबून लाथ मारणाऱ्याला, कमरेला मिठी घालून पाडणाऱ्याला आणि खाली पडल्यावर गळा किंवा कोपर आवळणाऱ्याला. साधारण लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. पेरीची मूठ जड आणि मार सोसण्याची ताकद अफाट, पण अंतर राखून खेळणारा किंवा पाडून वर बसणारा गडी समोर आला की त्याचे पुष्कळसे बळ वाया जात असे. ऑगस्ट २०१९ मध्ये उरुग्वेत व्हिसेंते लुकेच्या गुडघ्याने त्याचे नाक मोडून एका बाजूला वळले, तरी तो शेवटची घंटा होईपर्यंत उभा राहिला आणि तीन पंचांपैकी एकाने त्याच्याच बाजूने कौलही दिला. लढत मात्र गेली. जून २०२० मध्ये तर तो कोणत्याही प्रशिक्षकाविना, केवळ आपल्या मैत्रिणीला कोपऱ्यात बसवून लढला आणि जिंकला. ज्याच्या पाठीशी वस्ताद नाही अशा पहिलवानाची जोड आपल्याकडचे पंचही लावताना कचरतील. म्हणून त्याच्या या गोष्टीचे अनुकरण पुतण्याने अजिबात करू नये.

आता बीकेएफसीचे नियम पाहा. तेथे लाथ नाही, कोपर नाही, पाडापाडी नाही, आणि खाली पडलेल्याला मारताही येत नाही. त्याला उठण्यासाठी दहा अंक मोजले जातात. दोन-दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या असतात, म्हणजे सगळा हिशेब दहा मिनिटांचा. रिंगण गोल असते आणि त्याच्या मध्यभागी तीन फुटांच्या अंतरावर दोन रेघा आखलेल्या असतात. प्रत्येक फेरी सुरू होताना दोघांनी आपापल्या रेघेवर पाय ठेवून उभे राहायचे असते, त्यामुळे लांबून अदमास घेत फिरण्यात वेळ काढता येत नाही. शिवाय एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ठोसे मारण्याची मुभा आहे, जी नेहमीच्या बॉक्सिंगमध्ये नसते. पेरीला पूर्वी ज्या गोष्टी नडत होत्या, त्या या नियमांनी जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या, आणि ज्यात तो मुरलेला होता ती जवळची झटापट तेवढी शिल्लक ठेवली.

२० ऑगस्ट २०२२ रोजी लंडनला मायकेल पेजशी झालेली लढत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पेज हा अंतर राखून, चकवून मारणारा खेळाडू. पण त्या लहान रिंगणात पेरी त्याला पुन्हा पुन्हा अंगाशी ओढत राहिला. पाच फेऱ्यांनंतर बरोबरी झाली, म्हणून सहावी फेरी खेळवली गेली आणि निकाल पेरीकडे गेला. एप्रिल २०२३ मध्ये डेन्व्हरला त्याच्यासमोर ल्यूक रॉकहोल्ड होता, जो यूएफसीचा माजी विजेता होता; दुसऱ्याच फेरीत दात मोडल्यामुळे त्याने माघार घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एडी अल्वारेझ या दुसऱ्या माजी विजेत्याची लढत त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनी दोन फेऱ्यांनंतर थांबवली. एप्रिल २०२४ मध्ये थियागो आल्वेस अवघ्या मिनिटभरात पडला.

त्यानंतर तीन महिन्यांनी, २० जुलै २०२४ रोजी टँपा येथे, पेरी हातात मोजे घालून जेक पॉलशी नेहमीच्या बॉक्सिंगची लढत लढला आणि सहाव्या फेरीत पंचाने लढत थांबवल्याने हरला. माणूस तोच आणि मूठही तीच होती. फक्त नियम बदलले होते. पुतण्याने पट्ट्याची लढत पाहिली असेलच, तर ही हारही त्याला पाहायला सांगा.

उघड्या मुठीचा हा खेळ नवा नाही. १८८९ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जॉन सुलिव्हन आणि जेक किलरेन यांची पंचाहत्तर फेऱ्यांची लढत झाली. अजिंक्यपदाची ती शेवटची मोठी विनामोज्यांची लढत मानली जाते. पुढे मोजे सक्तीचे झाले, आणि २ जून २०१८ रोजी वायोमिंग राज्यात बीकेएफसीचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा हा प्रकार पुन्हा कायदेशीर रिंगणात आला. आपल्याकडे म्हैसूरला दसऱ्यात जेट्टी नावाच्या मल्लांची वज्रमुष्टी ही लढत होते. तिथे डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब आला की लढत संपते. बीकेएफसीत पहिल्या थेंबानंतरही लढत चालूच राहते.

आता धोक्याबद्दल. बॉक्सिंगचे मोजे समोरच्याच्या डोक्यासाठी असतात, असा आपला समज असतो; खरे तर ते आधी मारणाऱ्याची मूठ वाचवतात. बीकेएफसीत मनगटाला आणि तळहाताला पट्टी बांधतात, पण ती मुठीच्या उंचवट्यांच्या इंचभर अलीकडे संपते. पुढचे हाड आणि कातडी उघडीच राहते, म्हणून कवटीच्या कडक भागावर ठोसा बसला की पुष्कळदा मारणाऱ्याचेच हाड मोडते, आणि खाणाऱ्याची भुवई किंवा गाल ब्लेडने चिरल्यासारखा फाटतो. हात दुखावण्याच्या भीतीने डोक्यावर कमी ठोसे बसतात, म्हणून मेंदूला मार कमी लागतो, असे या खेळाचे पुरस्कर्ते सांगतात. यात तथ्यांश असेल, पण त्यावर कोणी मुलाला रिंगणात उतरवू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये जस्टिन थॉर्नटन हा एमएमएतूनच आलेला लढवय्या बिलॉक्सी येथे एकोणीस सेकंदांत ठोशाने पडला आणि ऑक्टोबरमध्ये दगावला.

हाडाबद्दल मी ऐकीव सांगत नाही. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी अमरावतीला असताना सोबत्यांनी डिवचले म्हणून मी वाळूच्या पोत्यावर उघडी मूठ हाणली आणि करंगळीच्या बुडाशी असलेले तळहाताचे हाड मोडले. ऐन वेचणीत पाच आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. ओटी बांधून डाव्या हाताने बोंडे सोडवायचा प्रयत्न केला, तर दिवसाकाठी दोन किलोही कापूस होईना. माझ्या वाट्याचे तास आईने वेचले. आजही मी उजवी मूठ आवळली की चाराऐवजी तीनच उंचवटे दिसतात.

तेव्हा ते तुरीचे कट्टे आजच ओसरीतून हलवा. भरलेला कट्टा दबत नाही आणि मागेही सरत नाही, त्यामुळे ठोशाचा सगळा धक्का मनगटात परत येतो. मुलाने हाताला पट्टी बांधून, मोजे घालून, टांगलेल्या बॅगवर, पहिल्या दोन बोटांच्या उंचवट्यांनी आणि मनगट सरळ ठेवून मारायला शिकावे. मुळात पेरी उघड्या मुठीकडे आला तो वयाच्या तिशीत, हातमोजे घालून झालेल्या पंधरा यूएफसी लढती आणि त्याआधीचा सराव गाठीशी बांधून. एकोणिसाव्या वर्षी तेथूनच सुरुवात करणे म्हणजे पेरणी न करता मळणीला बसणे होय. आदर्श हवाच असेल, तर नागपूरच्या अल्फिया पठाणचा घ्यावा; तिने २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक बॉक्सिंगचे सुवर्णपदक जिंकले.

प्रश्न : या खेळात स्त्रियाही असतात काय?
— एक विद्यार्थिनी, आर्णी तालुका

उत्तर : असतात, आणि पहिल्या कार्यक्रमापासून आहेत. ऑस्ट्रेलियाची बेक रॉलिंग्ज यूएफसीत सलग चार लढती हरून २०१८ मध्ये बीकेएफसीत आली आणि पहिल्याच कार्यक्रमात जिंकली. त्याच वर्षी तिने ब्रिटन हार्ट हिलाही हरवले. यूएफसीत २०१६ मध्ये रॉलिंग्जला डोक्यावरच्या लाथेने पाडणारी पेज व्हॅनझँट २०२१ मध्ये याच रिंगणात उतरली. येथे लाथेला मनाई होती, आणि पहिली लढत ती त्याच ब्रिटन हार्टकडून हरली.