टीएसएच ७.८, टी-फोर नॉर्मल : वहिनीला थायरॉइडची गोळी जन्मभर लागेल का?

गोव्यातल्या साखळीच्या ताईंनी विचारलंय : बाळ सात महिन्यांचं, वहिनीचं टीएसएच (थायरॉइड ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारा आकडा) ७.८ आलं, टी-फोर (ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल. आई म्हणते, बाळंतिणीला थकवा असायचाच, आणि गोळी एकदा लागली की जन्माची.

ताई, जन्माचीच असं नाही. बाळंतपणानंतर काहीजणींच्या थायरॉइडला सूज येते. आधी ग्रंथी जोरात चालते, छातीत धडधड, वजन उतरतं. मग चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास मंदावते. वहिनी नेमकी तिथे आहे. बऱ्याचजणी वर्षभरात पूर्ववत होतात, काहीजणींची ग्रंथी मात्र मंदच राहते. म्हणून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा, सोबत अँटी-टीपीओही, म्हणजे शरीरच थायरॉइडवर उलटलंय का ते पाहणारी रक्ततपासणी. गोळी लिहून दिलीच, तर अंगावर पाजताना चालते. फक्त पुन्हा दिवस राहिल्याची शंका आली तर आठवडे मोजत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे. पहिल्या तीन महिन्यांत पोटातलं बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर असतं.

'थकवा असायचाच' हे मीही ऐकलंय. मे महिन्यात अख्खं पेडणं घामाने निथळतंय आणि मी पंखा बंद करून चादर ओढलेली. आवाज घोगरा झाला, बांगड्या हाताबाहेर निघेनात. चवथीला नेवऱ्या (करंज्या) मुरडता मुरडता बसल्या जागी डोळा लागला, तेव्हा जावेने हसून घेतलं. एका डॉक्टरांनी वर्षभर लोहाच्या गोळ्या दिल्या. शेवटी रक्त तपासलं तर टीएसएच ६२! एकेक लक्षण वयावर, कामावर ढकलता येतं; सगळी एकत्र कुणी मोजलीच नाहीत.

गोळी सुरू झालीच तर उठल्याबरोबर, नुसत्या पाण्यासोबत. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. ही गोळी आणि बाळंतिणीच्या लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर औषध नीट अंगी लागत नाही. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असेल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस थांबवा, त्याने आकडे चुकतात.

आणि हो, घरात फक्त मिठागरातलं मीठ असेल तर रोजच्या जेवणाला आयोडीनचं आणा. आगरातलं लोणच्याला ठेवा, मीही ठेवते. पण आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या मनाने नकोत, जास्त झालं तरी ग्रंथी बिघडते.

डॉक्टरांकडे बसल्यावर बाळंतपणाची तारीख आधी सांगा, रिपोर्ट नंतर दाखवा.