बाजीराव-काशीबाई: वाचकांचे प्रश्न

बाजीराव पेशवे काशीबाईंसोबत सुखी होते का?

मस्तानी आली म्हणजे काशीबाई टाकलेली, हे गृहीत धरूनच बहुतेकजण हा प्रश्न विचारतात. काशीबाईंच्या मुलाचा, रघुनाथरावांचा, जन्म १७३४ चा, मस्तानीच्या समशेर बहादूरचाही त्याच वर्षीचा. टाकलेल्या बायकोची गोष्ट इथेच अडखळते. पण यावरून 'संसार सुखाचा होता' असंही म्हणता येत नाही. लग्न लहानपणी ठरलेलं, पुणे जिल्ह्यातल्या चास गावच्या जोशी सावकारांची मुलगी, नवरा वर्षातले बरेच महिने मोहिमेवर. १७३९-४० च्या पत्रांत मस्तानीवरून घरात केवढा ताण होता ते दिसतं. त्यात आई, भाऊ, मुलगा सगळे ओढले गेले होते. नवरा-बायकोत एकांतात काय बोलणं होत होतं, ते त्यातून कळत नाही.

काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या होत्या का?

नाही. पेशव्यांच्या घरातली बाई अशी नाचणं त्या काळात शक्यच नव्हतं.

बाजीराव मस्तानीच्या विरहाने गेले ना?

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला ते तापाने गेले. मस्तानी तेव्हा पुण्यात अडकवलेली होती. दोन घटना लागोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही.

मोबाइलवर काशीबाईंचं 'मन मोकळं करणारं' पत्र आलंय. खरं आहे का?

अशी पत्रं मला दर आठवड्याला येतात आणि दर वेळी संताप येतो. मूळ कुठल्या दप्तरात आहे, ते विचारा. कुणी सांगत नाही. अस्सल पत्राच्या मित्या पाहा: बहुतेकदा 'छ' लिहून मुसलमानी महिन्याची तारीख असते आणि वर्ष नसतंच. ते मजकुरावरून लावावं लागतं. त्यात चूक झाली, तर एका वर्षीचं भांडण दुसऱ्या वर्षीच्या प्रेमाला जोडलं जातं. शिवाय 'बहुत काय लिहिणे' हा रिवाज आहे, सगळेच लिहीत; त्यात ओढ शोधू नका. आजच्या मराठीत हुंदके देणारी अठराव्या शतकातली बाई दिसली, की ते पत्र बनावट समजा आणि पुढे पाठवू नका. तरी शंका राहिलीच, तर मोडी वाचणाऱ्या अभ्यासकाला दाखवा.

आमच्या घरी मोडी कागदांची पेटी आहे. एक विक्रेता लॅमिनेशन करून देतो म्हणतो, 'पेशव्यांची पत्रं' म्हणून चांगली किंमतही सांगतो.

लॅमिनेशन अजिबात नको. कागद कायमचा वाया जातो, पुन्हा सोडवता येत नाही. पावसाळ्यापर्यंत थांबूही नका. कसर आणि ओल वाट पाहत नाहीत. जसेच्या तसे कागद घेऊन पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जवळच्या पुराभिलेखागारात विचारा. वाचन होण्याआधी विकू नका.

काशीबाईंची काही खूण आज पाहता येते का?

चासचं सोमेश्वर मंदिर. ते त्यांनी १७४९ मध्ये, वैधव्यात बांधलं.