लष्करीकरण आणि शस्त्रीकरण: अवकाशापुरता फरक

सोलापुरात कायदा शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: 'अवकाशाचे लष्करीकरण' आणि 'अवकाशाचे शस्त्रीकरण' हे एकच का? त्यांच्या टिपणांत दोन्ही शब्द आलटून पालटून येतात आणि खाली वाक्य आहे, '१९६७ च्या करारान्वये अवकाशाच्या लष्करी वापरास बंदी आहे.' (हा करार म्हणजे अवकाशाच्या वापराबद्दलचा आंतरराष्ट्रीय 'बाह्य अवकाश करार', Outer Space Treaty.)

ते वाक्य चूक आहे. दोन शब्द एक मानले की अशीच चूक होते.

तुम्ही सोलापूरच्या, म्हणून 'लष्कर'पासूनच सुरू करते. माझे मामा लष्करात राहतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, फौजेत असतील. मामांचा जन्म किराणा दुकानात गेला. राहतात ते सदर बझारजवळच्या लष्कर भागात. 'लष्करात असणं' आणि 'लष्करात राहणं' यांतला फरक सोलापूरकराला सांगावा लागत नाही. क्रियापद बदललं की अर्थ बदलतो, आणि अवकाशाचा कायदाही असाच क्रियापदांवर उभा आहे.

दुसरं, 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणे'. वाक्प्रचाराचा रूढ अर्थ, दुसऱ्याची नसती कामं अंगावर घेणं. तो क्षणभर बाजूला ठेवा आणि चित्र अक्षरशः बघा. चुलीपुढे बसून सैन्यासाठी ज्वारीची भाकरी थापणारी बाई लष्कराचं काम करते, पण तिच्या हातात शस्त्र नाही. टेहळणी करणारे, संदेश पोचवणारे, वाट दाखवणारे उपग्रह हे असं काम करतात. जीपीएस मुळात अमेरिकन लष्कराचं. आपल्या नौदलासाठी २०१३ मध्ये जीसॅट-७ गेला, हवाई दलासाठी २०१८ मध्ये जीसॅट-७ए. हे लष्करीकरण. शस्त्रीकरण म्हणजे हाणण्याचं साधन तिथे नेऊन ठेवणं, किंवा तिथल्या वस्तूवर हाणण्याची तयारी करणं.

आता कराराकडे. चौथ्या कलमात पहिली बंदी आहे ती अण्वस्त्रं आणि इतर सर्वसंहारक शस्त्रं पृथ्वीभोवतीच्या कक्षेत ठेवण्यावर, चंद्रावर वा इतर खगोलीय पिंडांवर बसवण्यावर, किंवा अवकाशात कुठल्याही तऱ्हेने तैनात करण्यावर. 'ठेवणे', 'बसवणे', 'तैनात करणे'. 'जाणे' त्यात नाही. आंतरखंडीय क्षेपणास्त्र अवकाशातून जातं आणि खाली येतं, कक्षेत राहत नाही, म्हणून ते या बंदीबाहेर. साध्या तोफेलाही बंदी नाही, कारण ती सर्वसंहारक नव्हे. १९७४ मध्ये सोडलेल्या साल्यूत-३ या सोव्हिएत स्थानकावर खरोखरच तोफ होती. म्हणजे शस्त्रीकरण झालं, पण हे कलम मोडलं नाही. २७ मार्च २०१९ ला भारताने 'मिशन शक्ती'त जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा आपलाच उपग्रह फोडला. तिथेही कक्षेत काही 'ठेवलं' नव्हतं.

'केवळ शांततेसाठी' हे शब्द त्याच कलमात पुढे येतात, पण ते चंद्राला आणि इतर खगोलीय पिंडांना लागू आहेत. तिथे लष्करी तळ, शस्त्रचाचण्या, युद्धसराव यांना मनाई आहे; संशोधनासाठी सैनिक नेले तर चालतात. मधल्या पोकळीबद्दल या कलमात तसं म्हटलेलं नाही. शिवाय 'शांततेसाठी' म्हणजे 'बिगरलष्करी' की फक्त 'आक्रमक नसलेला', हा वाद जुना आहे. अमेरिका दुसरा अर्थ धरते. मराठीतला 'शांततामय' दोन्हींकडे झुकतो, म्हणून नुसता तो शब्द लिहून सोडू नये, कुठला अर्थ घेतला ते सांगावं.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते शेवटचं '-करण'. 'करण'च्या आधी येणाऱ्या 'ई'मागे संस्कृत व्याकरणातला च्वि प्रत्यय आहे: जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं. खासगी नव्हतं ते खासगी केलं, खासगीकरण. (फारसी 'लष्कर'ला हा संस्कृत प्रत्यय इतका सहज चिकटला की जोड दिसतसुद्धा नाही.) मग अवकाश आधी बिगरलष्करी होतं का? १९५७ मध्ये स्पुटनिक वर नेणारा आर-७ हा सोव्हिएत अग्निबाण मुळात आंतरखंडीय क्षेपणास्त्र म्हणून बांधलेला. १९६२ मध्ये अमेरिकेने सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला, हवाई बेटांवरचे रस्त्यावरचे काही दिवे त्याने गेले. करार झाला त्याच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा 'लष्करीकरण' हा शब्द व्याकरणाने जे गृहीत धरतो, ते इतिहासात सापडत नाही. 'अवकाशाचा लष्करी वापर' म्हणणं मला अधिक खरं वाटतं. 'शस्त्रीकरण' मात्र ठेवावा. 'निःशस्त्रीकरण' आपल्याकडे रुळलेला आहे, त्याचाच हा उलटा भाऊ. शस्त्र हातात धरायचं, अस्त्र फेकायचं, मग 'अस्त्रीकरण' का नको, असं कुणी विचारेल. शंका रास्त आहे, पण अण्वस्त्रं कमी करण्यालाही आपण निःशस्त्रीकरणच म्हणतो. रूढीने हा निकाल केव्हाच दिलेला आहे.

तुमच्या टिपणात असं लिहा: '१९६७ च्या करारान्वये अवकाशात अण्वस्त्रे व इतर सर्वसंहारक शस्त्रे ठेवण्यास, आणि चंद्रावर व इतर खगोलीय पिंडांवर लष्करी तळ, शस्त्रचाचण्या व युद्धसराव करण्यास बंदी आहे.' वाक्य लांबतं, लांबू द्या.