फक्त एकाच तळ्यात सापडणारा मासा नाशिककडे आहे का?

तळ्यातला नाही, नदीतला आहे: दारणेचा देवळाली मिनो, शास्त्रीय नाव पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटरी. मत्स्यशास्त्रज्ञ होरा आणि मिश्रा यांनी १९३८ मध्ये देवळालीच्या दारणेतल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं; नावातले प्रेटर म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) तेव्हाचे क्युरेटर. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत तो सर्वाधिक धोक्याच्या गटात आहे. बोटभर मासा, तोंड खालच्या अंगाला, वाहत्या पाण्यातल्या दगडगोट्यांत राहणारा. धरणाच्या साठलेल्या पाण्यात शोधण्यात अर्थ नाही. मात्र दगडाला चिकटणारा मासा दिसला की तोच, असं समजू नका, बहुतेकदा मळ्या हा दुसराच मासा निघतो. उलटा करून बघा, हनुवटीखाली गोल चकती असेल तर मळ्याच. नसेल तर फोटो काढून लगेच पाण्यात सोडा.